जुने गोवे एका दिवसात: वयस्क आईबरोबर काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझी सत्तरी ओलांडलेली आई आणि आठवीत शिकणारी मुलगी अशा तिघी ठाण्याहून कोकणकन्या एक्स्प्रेसने गोव्याला जाणार आहोत. मुक्काम पणजीत आहे आणि त्यातला एक संपूर्ण दिवस आम्ही जुन्या गोव्यासाठी ठेवला आहे. पूर्वी सहलीच्या बसने गेलो होतो, तेव्हा बॉम जेझुस बासिलिकेसमोर उतरवून तासाभरात पुन्हा बसमध्ये बसवण्यात आले होते, त्यामुळे दोन मोठ्या चर्चवास्तू पाहिल्या एवढेच लक्षात राहिले.

या वेळी घाई करायची नाही. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती सावकाश चालते, पण चढ आणि पायऱ्या तिला झेपत नाहीत. मुलीला इतिहासाची आवड आहे आणि ती अडचणीचे प्रश्न विचारते. कोणत्या क्रमाने फिरावे, प्रार्थना चालू असताना आमच्यासारख्या हिंदू कुटुंबाने आत जाणे योग्य ठरेल का, आणि बासिलिकेत जतन केलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियर (सोळाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मप्रचारक) यांच्या शवाचे दर्शन खरोखर होते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सध्या आम्ही शुक्रवार धरून चाललो आहोत.

रायबंदरकर

सर्वप्रथम वाराबद्दल. शुक्रवार टाळावा, कारण पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय त्या दिवशी बंद असते आणि आपल्या मुलीसाठी ते चुकवण्यासारखे नाही. रविवारी सकाळी लागोपाठ मिस्सा (चर्चमधील सामूहिक प्रार्थनाविधी) असतात, त्यामुळे पर्यटक म्हणून सकाळी लवकर आत जाता येत नाही.

दुसरे म्हणजे, ३ डिसेंबरला झेवियर यांचे फेस्त, म्हणजे सण, असतो. गोव्यातील लोक त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि या प्रेमात ख्रिस्ती-हिंदू असा भेद फारसा राहत नाही. २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना (सणापूर्वीची प्रार्थना) चालते, बासिलिकेच्या आवारात मोठा मांडव पडतो आणि फेस्ताच्या दिवशी गोव्यात सरकारी सुट्टी असल्यामुळे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. सावंतवाडी, बेळगाव, कारवार या बाजूंनी लोक पायी चालत येतात. आपल्या पंढरपूरच्या वाटेवरचा उत्साह ज्याने पाहिला आहे त्याला हे दृश्य परके वाटणार नाही, मात्र गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला त्या गर्दीत नेऊ नये. फेस्तानंतरचा एखादा मधला वार निवडावा. खाज्याची, चण्यांची आणि मेणबत्त्यांची दुकाने तेव्हाही थोडीफार असतात. त्या मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचे हात, पाय, डोळे विकायला ठेवलेले दिसतील. ज्या अवयवाचे दुखणे असेल तो अवयव नवसाला वाहतात. आपल्या आईला एक मेणाचा पाय घ्यावासा वाटला तर तिला कोणी अडवणार नाही.

पणजीहून जुने गोवे नऊ-दहा किलोमीटर आहे. कदंब बसस्थानकावरून फोंड्याकडे जाणाऱ्या बहुतेक बसगाड्या गांधी पुतळ्याजवळच्या चौकात उतरवतात. वेळ असेल तर रायबंदरवरून जाणारी बस घ्यावी, कारण मांडवीला लागून जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा तो दगडी बांध १६३३-३४ मध्ये बांधलेला आहे आणि आजही त्यावरून वाहतूक चालते. मी त्याच रस्त्यावर राहतो, त्यामुळे या शिफारशीत थोडा पक्षपात आहे हे समजून घ्यावे.

क्रम असा ठेवावा. सकाळी नऊच्या आसपास, सहलीच्या बसगाड्या येण्यापूर्वी, बासिलिका पाहावी. तेथून रस्ता ओलांडला की समोरच्या हिरवळीवर से कॅथेड्रल, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आणि त्याला लागून संग्रहालय, असे सर्व एका आवारात आहे. हा संपूर्ण भाग सपाट आहे आणि बसायला झाडांची सावलीही आहे.

शवदर्शनाबाबत आधीच सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. चांदीची पेटी एका उंच संगमरवरी चौथऱ्यावर आहे आणि खाली उभे राहून आतले स्पष्ट असे काही दिसत नाही. पेटी खाली उतरवून से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवण्याचा सोहळा साधारणपणे दर दहा वर्षांनी होतो. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. पुढचा सोहळा होईपर्यंत चौथराच नीट पाहावा. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने तो भेट दिला, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने घडवला आणि १६९८ मध्ये तो येथे उभारण्यात आला. वरची चांदीची पेटी मात्र गोव्यातील कारागिरांच्या हातची आहे.

वसईकर

मी वसईचा कॅथलिक असल्यामुळे मिस्साविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. मिस्सा चालू असताना कोणीही आत येऊन मागच्या बाकांवर शांतपणे बसू शकते. धर्म विचारला जात नाही. इतर लोक उभे राहतील तेव्हा उभे राहावे. गुडघे टेकण्याची सक्ती नाही, त्यामुळे आपल्या आईने बसून राहिले तरी कोणाला वावगे वाटत नाही. ख्रिस्तप्रसाद देण्याच्या वेळी लोक रांगेने वेदीकडे जातात, त्या रांगेत मात्र आपण जाऊ नये, कारण तो स्वीकारण्यामागे दीक्षा आणि तयारी असते. पुष्कळ हिंदू मंडळी देवळातल्या प्रसादाप्रमाणे भक्तिभावाने हात पुढे करतात आणि धर्मगुरूंना नकार देण्याचे अवघड काम करावे लागते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. साडी किंवा सलवार-कमीज असेल तर विचार करण्याचे कारणच नाही. अडचण किनाऱ्यावरून थेट येणाऱ्या मंडळींची असते. मिस्सा चालू असताना वेदीसमोर फिरून छायाचित्रे काढू नयेत, एवढे पाळले तरी पुरे.

एक गोष्ट वसईच्या अभिमानापोटी सांगतो. बासिलिकेच्या दर्शनी भागात तांबूस जांभ्याच्या मध्ये जे कोरीव काळे दगड दिसतात, तो बेसाल्ट वसईच्या बाजूने जहाजातून नेलेला आहे. आपली आई बाहेरच्या बाकावर विसावा घेईल तेव्हा मुलीला वरच्या त्रिकोणी भागातील ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरे शोधायला सांगावीत. १५९४ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १६०५ मध्ये पूर्ण झाले, आणि त्या काळी हा जांभा असा उघडा नव्हता. त्यावर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढण्यात आला. आज पोस्टकार्डांवर जे रूप प्रसिद्ध आहे ते असे अलीकडचे आहे, आणि पावसाने जांभा झिजतो म्हणून गिलावा पुन्हा चढवावा अशी मागणी चर्चकडूनच होत आली आहे. माझे मत गिलाव्याच्या बाजूने आहे, पण पर्यटन व्यवसायातील मंडळींना ते पटणे कठीण आहे.

जुने दप्तर

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण दोन्ही सपाट भागातच थांबली. बासिलिकेच्या पश्चिमेला मोन्ते सांतो नावाची टेकडी आहे आणि माझ्या मते या दिवसातला निम्मा वेळ तिच्यासाठी राखून ठेवायला हवा, कारण खाली उभ्या असलेल्या वास्तू पाहून येथे केवढे शहर होते आणि ते कसे गेले, याचा अंदाज येत नाही.

पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून हे शहर घेतले. पुढे ते पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेची राजधानी झाले, नंतर साथीच्या रोगांनी पोखरले गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा मनोरा आहे. मूळची उंची सुमारे ४६ मीटर होती. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त केल्यावर मठ ओस पडला, १८४२ मध्ये छप्पर कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला. त्याची घंटा आता पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर आहे. पणजीत मुक्काम असल्यामुळे ती आपल्या दृष्टीस पडेलच.

आपल्या मुलीला या अवशेषांत एक गोष्ट जरूर सांगा. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म सोडण्यास नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या आज्ञेने १६२४ मध्ये शिराझ येथे तिला ठार मारण्यात आले. ऑगस्टीन संघाच्या साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला. तो येथील प्रार्थनागृहातील एका खिडकीजवळ दगडी पेटीत ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. छप्पर पडलेल्या, ढिगाऱ्याखाली गेलेल्या मठात ती खिडकी कोणती हे ठरवण्यासाठी पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षे उत्खनन करावे लागले. सापडलेल्या हाडाची हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली, २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले आणि २०२१ मध्ये भारताने अस्थींचा अंश जॉर्जियाला सुपूर्द केला. जमिनीवरच्या थडग्यांचे दगड आणि भिंतींना चिकटून राहिलेल्या रंगीत टाइल्स पाहत तेथे तास सहज जातो.

अडचणीच्या प्रश्नांची तयारी आधीच ठेवावी. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, कोठे होते, असे ती विचारेल. ज्या वाड्यात त्याची कचेरी होती तो से कॅथेड्रलजवळच्या चौकात होता. आज त्यातले काहीही उभे नाही. हे धर्मन्यायालय १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. झेवियर १५५२ मध्येच वारले होते, परंतु १५४६ च्या पत्रातून त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे त्याची मागणी केली होती. या दोन्ही गोष्टी तिला एकत्रच सांगाव्यात. गोंयच्या सायबावर श्रद्धा असणाऱ्यांचा उपमर्द न करताही त्या सांगता येतात.

मराठी मुलीने विचारलेच, तर संभाजी महाराजांचाही येथे संबंध आहे. १६८३ मध्ये मराठ्यांनी शेजारचे जुवे बेट घेतल्यावर शहर पडणार असे वाटू लागले, तेव्हा व्हाइसरॉयने (पोर्तुगीज राजाच्या प्रतिनिधीने) झेवियर यांच्या शवपेटीजवळ जाऊन आपला अधिकारदंड त्यांच्या स्वाधीन केला, असे सांगतात.

खाडीकाठ

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. शुक्रवार रद्द केला असून फेस्तानंतरचा मंगळवार किंवा बुधवार ठरवीत आहोत. राणी केतेवानची हकिकत वाचून मुलगी आत्ताच टेकडीवर जायला तयार झाली आहे. आता प्रश्न आईचा. तिला खालीच बसवून आम्ही दोघींनी वर जावे का? तसे करणे मला बरे वाटत नाही. आणि सकाळच्या गार हवेत आधी टेकडी करून घेतली तर?

रायबंदरकर

आईला खाली ठेवण्याची गरज नाही. बासिलिकेजवळून चढणारा रस्ता डांबरी आहे आणि रिक्षा थेट अवशेषांच्या प्रवेशापर्यंत जाते. वर गेल्यावर जमीन ओबडधोबड आहे, त्यामुळे आत सर्वत्र फिरणे तिला जमणार नाही. परंतु अगदी समोर सांता मोनिकाचा जुना मठ आहे आणि त्यातील ख्रिस्ती कलासंग्रहालयात त्या वेळात तिला निवांत फिरता येईल. हस्तिदंती आणि चांदीच्या ज्या वस्तू तेथे आहेत त्या ख्रिस्ती विषयावरच्या असल्या तरी घडवणारे हात येथलेच होते, हे वेलबुट्टीकडे पाहताच कळते.

टेकडी सकाळी करू नये, याबाबत मी ठाम आहे. सकाळची शांत वेळ बासिलिकेला मिळाली पाहिजे, कारण अकरानंतर तेथे शाळांच्या सहली उतरतात. दुपारी पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात बसावे. खालच्या दालनात आल्बुकेर्कचा पुतळा आणि कदंबकालीन वीरगळ एकाच छताखाली आहेत, वरच्या मजल्यावर व्हाइसरॉयांची चित्रे ओळीने लावलेली आहेत. वर जायला जिना आहे. आईने खाली वीरगळ पाहावेत. नंतर जेवण करावे. चौकाच्या आसपास शाकाहारी थाळी आणि मासळीचे ताट, दोन्ही मिळतात. ऊन उतरल्यावर, चारच्या सुमारास, रिक्षाने टेकडीवर जावे, आणि अवशेषांचे दार संध्याकाळी बंद होते हे लक्षात ठेवून फार उशीर करू नये.

जुने दप्तर

चारची वेळ मलाही मान्य आहे. फक्त जेवणानंतर झोप येऊ लागण्यापूर्वी सेंट कॅजेटनचे चर्च आणि नदीकडची व्हाइसरॉयची कमान पाहून घ्यावी. दोन्ही सपाटीवर आहेत. कॅजेटनचे चर्च रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर बांधलेले आहे आणि त्याच्या आवारात आदिलशहाच्या वाड्याचे म्हणून दाखवले जाणारे काळ्या दगडाचे एकाकी दार उभे आहे. कमानीवर नदीच्या बाजूने वास्को द गामा आहे आणि शहराच्या बाजूने एका माणसाला पायाखाली दाबून उभी असलेली स्त्रीमूर्ती. बहुतेक लोक पहिल्याचे छायाचित्र काढून परत फिरतात. कमानीखालून पुढे गेले की दिवाडीचा धक्का लागतो.

वसईकर

धक्क्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो, त्याच दिवशी दिवाडी बेट होईल का?

रायबंदरकर

आईंना घेऊन नको. फेरीबोटीने पलीकडे जाऊन लगेच परत येण्यास फारसा वेळ लागत नाही आणि पायी जाणाऱ्यांना तिकीटही नाही, तेवढे जरूर करावे; मांडवीतून मागे पाहिले की झाडांच्या वर कॅथेड्रल दिसते. परंतु दिवाडीवर खरे पाहायचे ते सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान. तेथील देऊळ सोळाव्या शतकात पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतील नार्व्याला नेण्यात आला आणि तेथील देवळाचा १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला जाणारी वेगळी फेरीबोट आहे. दिवाडी आणि नार्वे मिळून स्वतंत्र अर्धा दिवस ठेवावा, त्यासाठी पणजीहून गाडी ठरवावी, आणि जुन्या गोव्याच्या दिवसाला ते जोडू नये.