फ्लेक्ससाठी ठळक ब्रश फॉन्ट पाहिजे, देवनागरीत

पेठेतला:
मंडळी, आमच्या तालमीच्या मैदानाचा फ्लेक्स करायचाय, वर मोठ्ठं 'कुस्त्यांचं जंगी मैदान' पाहिजे, पण पूर्वी पेंटर भिंतीवर रंगवायचे तसं दणकट, टाइप केल्यागत नको. बालू फॉन्ट लावून बघितला, चांगला हाय पण लई गोलमटोल, कुस्तीला शोभत नाही. कलमचा बोल्ड घेतला तर पेननं लिहिल्यागत वाटतोय, लांबनं उठतच नाही. नेटवरनं एक ब्रशचा उतरवला त्यात 'स्त्या' फुटून खाली पाय येतोय. काम कोरलमध्ये, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. कुठला घेऊ?

रंकाळा कट्टा:
भावा यात्रा वन बघ. मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरनं केलाय, गूगल फॉन्ट्सवर फुकट, छापायला परवानगीची भानगड नाही. जाडी एकच मिळते पण हेडिंगला तेवढी बास. जोडाक्षर फुटतंय म्हणजे त्या फॉन्टात ते बनवलेलंच नसणार, सोडून दे तो.

बोरू:
ब्रश फॉन्टची खरी परीक्षा शिरोरेषेत असते बघा. इंग्रजीत अक्षरं सुटी राहिली तरी चालतंय, आपल्याला वरची रेघ सलग लागते, आणि प्रत्येक अक्षराच्या रेघेला सुक्या ब्रशचे फराटे दिले असतील तर दोन अक्षरांच्या सांध्यावर ते जुळत नाहीत, पॅम्फ्लेटवर खपून जातं पण दहा फुटी फ्लेक्सवर सांधा उघडा पडतो. म्हणून फराटेवाला घेऊच नका, भरीव कडेचा घ्या. दुसरं, तुमच्या ओळीत अनुस्वार तीन आहेत. तिन्ही टिंबं हुबेहूब सारखी आली की संपलं, टाइप केलंय हे लगेच कळतं. कंट्रोल क्यू दाबून कर्व्ह करा, म्हणजे अक्षराचा आकार हातानं बदलता येतो, एक टिंब जरा तिरकं, एक जरा मोठं, वेलांटीचं शेपूट थोडं लांब ओढा, मग शब्दाशब्दानं वेल्ड मारा, म्हणजे शब्दातले आकार जोडून एकसंध करा, मग आउटलाइन दिली तरी मधे रेघा येणार नाहीत. आणि बक्षिसं, तारीख, ठिकाण ब्रशमध्ये अजिबात नको, तिथं मुक्ता फॉन्ट वापरा.

महाद्वार:
तीन शब्दांसाठी फॉन्ट कशाला ओ? बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं रंगवली ते गाव हे आपलं कोल्हापूर, अजून हात चालणारे पेंटर आहेत की. ड्रॉइंग पेपरवर चपट्या ब्रशनं काळ्या पोस्टर कलरमध्ये लिहून घ्या, त्यांची मजुरी द्या, स्कॅन करून कोरलमध्येच ट्रेस करा. पुढच्या वर्षीपण तेच वापरता येतंय.

पेठेतला:
यात्रा वन टाकला, 'स्त्या' नीट आला. पॅम्फ्लेट त्यातच करतो. फ्लेक्सचं मात्र पेंटरकाकांकडनं लिहून घ्यावं असं तालमीत सगळ्यांना पटलंय. @बोरू, स्कॅन किती डीपीआयला करू?

बोरू:
600, ब्लॅक अँड व्हाइट. ट्रेस करताना कडा फार गुळगुळीत करू नका.