टीबीत प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणजे नक्की काय वाढवायचं?

अनुजा_लिहिते:
घरात कुणाला टीबी झाला की पहिला सल्ला ठरलेला, प्रतिकारशक्ती वाढवा. मला हे वाक्य आता ऐकवत नाही. माझ्या बहिणीला मानेच्या गाठीचा टीबी होता, औषधं सुरू झाली आणि सहाव्या आठवड्यात गाठ बसायची सोडून दुप्पट फुगली, वरची कातडी लालबुंद, ओढणीसुद्धा टेकू देईना. आम्हाला वाटलं जंतू रेझिस्टंट निघाला. सुईने पाणी काढून तपासलं तर कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही. मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांवर तिच्याच पेशी तुटून पडल्या होत्या. म्हणून म्हणते, टीएनएफ, इंटरफेरॉन गॅमा ही जी प्रथिनं आहेत ना, ज्यांच्यातून पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्यांचा अतिरेकच जास्त नुकसान करतो.

खडूफळा:
नाही पटलं. एका गाठीवरून एवढा मोठा निष्कर्ष नको. 2001 साली टीएनएफ अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाचा रिपोर्ट आला, संधिवात वगैरेसाठी हे घेतलेल्या 70 जणांना टीबी झाला होता, त्यातल्या 48 जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांनंतरच, आणि अर्ध्याहून जास्त जणांत तो फुफ्फुसाबाहेर पसरलेला. टीएनएफ होता तोवर जंतू पेशींच्या गराड्यात कोंडलेला होता, निरोप थांबला आणि गराडा सुटला. ज्या मुलांच्या पेशींना इंटरफेरॉन गॅमाचा निरोप जन्मतःच घेता येत नाही त्यांना तर बीसीजीच्या लसीतला दुबळा जंतूसुद्धा झेपत नाही, अंगभर पसरतो. हे माहीत असताना अतिरेकाची भीती कसली घालताय?

अनुजा_लिहिते:
कमी पडलं तर माणूस जातो हे मी नाकारलंच नाही. पण जास्त झालं की काय होतं तेही बघा ना. झेब्राफिशवर 2012 च्या आसपास काम झालंय, टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ माशांना टोचून. टीएनएफ प्रमाणाबाहेर गेला की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पेशी, आधी जंतू मारते खरी, पण मग स्वतःच फुटते आणि आत उरलेले जंतू बाहेर मोकळे, तिथे ते जोमाने वाढतात. कमी टीएनएफवाल्या माशांचे हाल, जास्तवाल्यांचेही तेच. आणि पीडी-वन हा पेशींचा ब्रेक नसलेले उंदीर टीबीने साध्या उंदरांपेक्षा लवकर मरतात, ब्रेक नाही म्हटल्यावर प्रतिकार तर जोरदार हवा होता!

रात्रपाळी:
लॅबमध्ये काम करते म्हणून बोलते. इग्रा टेस्टला आम्ही रक्त जंतूच्या दोन-तीन प्रथिनांबरोबर रात्रभर उबवतो आणि सकाळी इंटरफेरॉन गॅमा मोजतो. आकडा मोठा आला की नातेवाईक विचारतात, म्हणजे आजार जास्त का? किंवा उलट, म्हणजे शक्ती चांगली का? दोन्ही नाही हो. तुमच्या पेशी या जंतूला ओळखतात एवढंच त्यातून कळतं, आजार झोपलेला आहे की जागा तेही नाही. एमव्हीए85ए नावाच्या लसीने बाळांमध्ये इंटरफेरॉन बनवणाऱ्या पेशी तयार केल्या होत्या, तरी 2013 चा निकाल आला तेव्हा टीबीपासून जास्तीचं संरक्षण काही दिसलं नाही. म्हणून नुसतं वाढवा म्हणण्याला काही अर्थ नाही, कुठे, कधी, कोणत्या पेशीत ते बघावं लागतं.

खडूफळा:
लसीचा मुद्दा मान्य. तरी माझी खरी काळजी वेगळी आहे, हा धागा वाचून कुणीतरी स्वतःच्या मनाने प्रतिकार दाबणारं स्टिरॉइड सुरू करेल. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने मृत्यू कमी होतात हे 2004 च्या मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं, कारण कवटीत सूज यायला जागाच नसते, पण ते जंतूंच्या औषधांच्या जोडीला आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. औषधांच्या आडोशाशिवाय प्रतिकार दाबणं म्हणजे परत तेच इन्फ्लिक्सिमॅब. तुमच्या बहिणीला दिलं होतं का स्टिरॉइड?

अनुजा_लिहिते:
नाही. दोनदा सुईने पाणी काढलं, गोळ्या एक दिवसही चुकवल्या नाहीत, चौथ्या महिन्यात गाठ बसायला लागली. काळजी बरोबर आहे तुमची, वरच्या पोस्टमध्ये स्टिरॉइडबद्दलची ओळ आत्ताच घालते. अतिरेकाबद्दलचं म्हणणं मात्र मागे घेत नाही.