बाप गेल्यावर जमिनीचे तुकडे: एकोणिसाव्या शतकातला शेतकरी भावांच्या वाटण्यांनी बुडाला का?

बांधकरी
दख्खनचा शेतकरी कशाने खंगला, याचं उत्तर आपल्याकडे ठरलेलं आहे: सारा आणि सावकार. तिसऱ्या गुन्हेगाराचं नाव कुणी घेत नाही, कारण तो घरातलाच. बापाचं तेरावं उरकलं की भाऊ पंचांपुढे बसायचे. चार भाऊ आणि चार शेतं असली तर एकेकाला एकेक शेत मिळालं, असं क्वचितच. काळी, मुरमाड, विहिरीखालचं, ओढ्याकाठचं, प्रत्येकात चौघांचा हिस्सा! कुणाला सरस, कुणाला निरस असं नको म्हणून. न्याय पुरेपूर झाला आणि औत वळवायला जागा उरली नाही.

शेतीशास्त्रज्ञ हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी केली, ती १९१७ मध्ये छापली गेली. सरासरी धारणा १७७१ साली ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, १९१४-१५ मध्ये ७. तोपर्यंत ४६३ तुकडे एकरापेक्षा लहान झाले होते आणि ११२ तर पाव एकरापेक्षाही. यापुढे सावकाराला वेगळं काय करायचं उरलं होतं?

मोडीवाचक
असहमत. तुमचेच आकडे पुन्हा वाचा. ४० वरून साडेसतरा ही सगळ्यात मोठी घसरण १८१८ च्या आतली आहे, पेशवाईतली. आणि मुलांना समान हिस्सा देणारा विज्ञानेश्वराचा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ, मिताक्षरा, बाराव्या शतकाच्या आसपासचा. वाटणीच गुन्हेगार असती, तर इतक्या पिढ्यांनंतर १७७१ साली ४० एकर शिल्लक कुठून राहिले?

जमीन फुटायची तशी परत जुळायचीही. एखादी शाखा निपुत्रिक गेली की तिचं रान भाऊबंदांच्या जथ्यात परत यायचं. साऱ्याची जबाबदारीही जथ्याची. शिवाय पडीक भरपूर, धाकट्याने नवं रान मोडायचं. बदललं ते हे सगळं. वाटणीचा नियम होता तिथेच होता.

आंबेडकरांनी १९१८ च्या निबंधात हेच मांडलं: वारसाहक्काला दोष देऊ नका, शेतीवर माणसं जास्त झालीत आणि त्यांना दुसरा धंदा नाही.

गिरणगाव
+१. इंग्लंडात थोरल्याला जमीन गेली की धाकट्याला पलटण होती, जहाज होतं, वसाहती होत्या. आमच्या धाकट्यासाठी १८५०च्या दशकात मुंबईत गिरण्या निघायला लागल्या, त्याही मूठभर. रत्नागिरीकडचे गेले. देशावरच्याने बांध कोरला.

बांधकरी
जथा मोडला हे मान्य. पण मग वाटणीची पद्धत बदलायला नको होती का? गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची साऱ्यासाठीची जमीनमोजणी इंदापुरात १८३६ च्या सुमारास लागू झाली. सर्व्हे नंबर पाडताना हिशेब एका बैलजोडीच्या नांगरटीचा होता, आणि किमान क्षेत्राखाली नंबर फोडायला सरकार तयार नव्हतं. म्हणजे एका शेताला किती रान लागतं हे मोजणारा साहेबही ओळखून होता. आमच्या लोकांनी काय केलं? कागदावर नंबर अख्खा, खातं थोरल्याच्या नावावर आणि रानात चार बांध. धाकट्याने आपल्या वाट्याचा धारा दिला नाही तर तगादा थोरल्यालाच. वाटण्या करायच्या होत्या तर निदान नोंदवायच्या.

सातबारा
नोंदवायच्या कुठे? हक्कनोंदणीचा कायदाच १९०३ चा.

आणि तुम्ही दोघेही फक्त भावांचं बोलताय. मुलीचा हिस्सा शून्य, लग्नाचा खर्च तेवढा बाजूला काढायचा. मुलांनी वाटण्या केल्या तर आईला मुलाइतका वाटा, निदान शास्त्रात. पण खरी मेख विधवेची होती. नवरा भावांपासून विभक्त होऊन मुलाविना वारला असेल, तर त्याच्या जमिनीची वारस ती (हयातीपुरती, पण वारस). एकत्र असताना वारला असेल, तर जमीन दिरांची आणि हिला अन्नवस्त्र. म्हणजे तिचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नावर लटकलेलं: वाटणी झाली होती की नाही?

ती म्हणणार झाली होती, दीर म्हणणार छे, सोयीसाठी वेगळं कसत होतो. चुली वेगळ्या आहेत एवढ्याने कोर्टाचं समाधान व्हायचं नाही. वाटप तोंडी, पंच म्हातारे किंवा भाऊबंदच, खातं थोरल्याच्या नावावर. बांधकरी, तुम्ही ज्याला गुन्हेगार म्हणता तो बांध या बाईचा एकुलता साक्षीदार होता. एकत्र कुटुंबाचं अखंड रान दिसायला छान. ते कुणाच्या जिवावर अखंड राहिलं, तेही लिहा.

बांधकरी
विधवेचा मुद्दा वजनदार आहे, पण तो कायद्याच्या अन्यायाचा मुद्दा झाला. एका एकराच्या चार पट्ट्यांनी पीक वाढत नाही. तिला हक्क मिळूनही पोट भरणार होतं का?

मोडीवाचक
पोट न भरण्याचं कारण पट्टी की कर्ज, तिथेच घोडं अडलंय. वाटणी फक्त जमिनीची नव्हती. बापाचं देणंही वाटलं जायचं, आणि ते ओझं वाटून हलकं होत नसे. बापाकडून आलेल्या मालमत्तेपुरतंच मुलाने फेडावं, हे मुंबई सरकारला १८६६ मध्ये कायदा करून सांगावं लागलं. तरी सावकाराने मुलाकडून नव्या खताखाली (कर्जरोख्याखाली) अंगठा घेतला की ते कर्ज त्याचं स्वतःचं. १८७५ च्या मे महिन्यात, सावकारांविरुद्धच्या दंग्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी खतं जाळली, वाटणीपत्रं नव्हे.

बांधकरी
वाटणीपत्र होतंच कुणाकडे जाळायला? सातबारांनीच सांगितलं, वाटप तोंडी. आणि खत का लिहून द्यावं लागलं हेही बघा. दोन बैल, मोट, नाडा हे सगळं प्रत्येक भावाला वेगळं उभं करायचं. पहिलं कर्ज तिथेच.

सातबारा
बैल सावडीने चालायचे हो. तुझा एक, माझा एक. विहिरीवर पाळ्या लावलेल्या. जमीन वाटली म्हणजे सगळंच तुटलं असं कुठे होतं? भांडून वेगळे झालेले भाऊ पेरणीला एकत्र औत धरायचे, कारण पाऊस कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही.

मोडीवाचक
बांधकरी, तुमचा उपाय सरकारने करून पाहिलाय. १९२७ मध्ये मुंबई कौन्सिलात लहान धारणांचं विधेयक आलं: ठराविक क्षेत्राखाली तुकडा पाडायचा नाही. आंबेडकरांनी तिथे विरोधात भाषण केलं. ज्याला वाटा मिळणार नाही तो भूमिहीन होणार, त्याचं काय? विधेयक बारगळलं. मग १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा आलाच, आणि भावांनी कागदावर सामाईक ठेवून रानात बांध घातलेच.