बॅले, बेली आणि चवडा

सांजवेळ :
'द रेड शूज' (लाल जोडे) या बॅले नर्तकीवरच्या, १९४८ सालच्या ब्रिटिश चित्रपटावर एका अंकासाठी लेख लिहितेय. पॉवेल-प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीचा हा चित्रपट माझा फार लाडका. त्याची नायिका मॉइरा शिअरर मुळात लंडनच्या सॅडलर्स वेल्स या बॅले मंडळीत नाचणारी. त्यामुळे पडद्यावर दिसतात ते पाय खरेच नाचणारीचे आहेत. लेख होत आलाय, पण शब्दांपाशी अडलेय. एक वाक्य असं आहे : 'ती चवड्यांवर उभी राहते आणि गिरकी घेते.' माझी मावशी भरतनाट्यम शिकवते. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "चवड्यांवर आम्हीही उभ्या राहतो की. मग तिचं कौतुक कशाचं?"

बॅलरिना, बार, विंटेज हे शब्दही तसेच ठेवावेत की नाही ते ठरत नाहीये. कोणी मदत कराल का?

घाटमाथा :
ताई, तुमच्या मावशींनी नेमकं बोट ठेवलंय. मी मुंबईत नऊ वर्षं बॅले शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चवडा म्हणजे पावलाचा पुढचा भाग, जिथे बोटं तळव्याला मिळतात. टाच उचलून चवड्यावर उभं राहणं बॅलेतही आहे, पण ती अर्धी चढण झाली. तुम्हाला म्हणायचंय ते पुढचं. बोटं सरळ, पाऊल घोट्यापासून एका रेषेत, आणि सगळा भार बोटांच्या टोकांवर. चवडाही जमिनीला लागत नाही. तेव्हा 'बोटांच्या टोकांवर' म्हणा. नुसतं 'बोटांवर' म्हटलं की वाचणारा पुन्हा चवड्यावर येतो.

आणि हे उघड्या पायाने होत नाही. त्या गुलाबी साटिनच्या जोड्याचं टोक आतून कडक असतं. खळीत भिजवलेल्या कापडाचे आणि कागदाचे थर एकावर एक बसवून, वाळवून ते केलेलं असतं. तळाला एक ताठ पट्टी. फिती मात्र जिची तिने शिवायच्या. प्रत्येकीच्या घोट्याची उंची वेगळी, त्यामुळे दुसऱ्याने शिवून दिलेल्या चालत नाहीत. माझी पहिली फीत अर्धा पेर पुढे शिवली गेली होती आणि तासभर टाच जोड्यातून निसटत राहिली. नवा जोडा तसाच घालून नाचायचा नसतो. तो वाकवायचा, मळायचा, जिन्याच्या पायरीवर आपटायचा. नाहीतर रंगमंचावर खडावांसारखा टकटक वाजतो. मग कोपऱ्यात ठेवलेल्या राळेच्या पेटीत टोकं घासायची, म्हणजे पाय सरकत नाही. मोठ्या भूमिका करणाऱ्या नर्तिकेचा असा जोडा कधीकधी एकाच प्रयोगात मऊ पडून निकामी होतो.

म्हणून यांना 'बूट' म्हणू नका. बूट म्हटलं की शाळेचा गणवेश आठवतो. 'जोडा' बरा. सुरुवातीच्या मुली घालतात त्या मऊ, बिनटोकाच्या पादत्राणांना आपला जुना 'सपाता' हा शब्द मला फार आवडतो.

पूर्वरंग :
'बॅले' या शब्दापासूनच सुरुवात करायला हवी. तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचांनी इटालियनमधून घेतला, आणि मुळाशी 'नाचणे' एवढाच अर्थ. पण आमच्या पिढीला बॅले म्हटलं की बोटांवर उभी राहणारी गोरी मुलगी आठवत नसे. शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप सुरू केला. त्यांच्या रामायणात माणसं कठपुतळ्यांसारखी हलत. त्यालाही आम्ही बॅलेच म्हणत होतो. सचिन शंकर यांचे बॅले होते. त्याआधी मादाम मेनका कथकातून बॅले रचत होत्या, खंडाळ्याला त्यांची नृत्यशाळा होती. यांपैकी कोणीही बोटांच्या टोकांवर उभं राहिलं नाही.

म्हणजे मराठीत या शब्दाचे दोन अर्थ रुजले आहेत. एक युरोपातली ती विशिष्ट नृत्यपद्धती. दुसरा, अनेकांनी मिळून संवादांशिवाय नाचातून सांगितलेली गोष्ट, म्हणजे नृत्यनाट्य. दुसऱ्या अर्थाला चूक ठरवू नये. त्या लोकांनी तो जाणूनबुजून उचलला होता. अॅना पाव्हलोव्हा या रशियन बॅले नर्तकीने १९२३ मध्ये लंडनला उदय शंकरांना सोबत घेऊन राधाकृष्णाचं नृत्य बसवलं, तेव्हापासून ही ये-जा चालू आहे. तुमच्या लेखात सुरुवातीलाच एका वाक्यात 'युरोपीय बॅले' म्हणा आणि पुढे निर्धास्तपणे 'बॅले' लिहा.

'बॅलरिना' मात्र जपून वापरा. इटालियनमध्ये नाचणारी कुठलीही स्त्री बॅलरिना, पण मंडळीत पायऱ्या असतात. पॅरिस ऑपेरात तर पाच, आणि सर्वांत वरची 'एत्वाल', म्हणजे तारका. जुन्या परंपरेत प्रमुख भूमिका करणारीलाच बॅलरिना म्हणत. आपल्याकडे परीक्षणांत रांगेतल्या चोविसाव्या मुलीलाही बॅलरिना म्हणतात. २०१० च्या 'ब्लॅक स्वान' चित्रपटातली निना सुरुवातीला मंडळीतल्या अनेकींपैकी एक आहे. तिला राणी हंसिणीची भूमिका मिळणं हीच तर गोष्ट. पहिल्याच ओळीत तिला बॅलरिना म्हटलंत तर गोष्ट तिथेच संपते. 'नर्तकी' म्हणा, आणि रांगेतल्या मुलींना 'समूहातल्या'.

सांजवेळ :
काका, हे फारच उपयोगाचं. 'मंडळी' तर मी उचललाच. नाटक मंडळीतला तो सगळा फिरता संसार या चित्रपटातही आहे. आता 'बार'चं काय करू? 'ती रोज सकाळी बारवर सराव करते' हे मुंबईतल्या वाचकाला भलतंच वाटेल.

घाटमाथा :
'कठडा'. कंबरेच्या उंचीवर भिंतीलगत बसवलेला लाकडी दांडा, हात टेकायला. जिन्याच्या कठड्याचंच काम करतो, फक्त त्याला घट्ट पकडायचं नसतं, नुसता आधार. 'कठड्याशी उभी राहून' लिहिलंत तर चित्र लगेच उभं राहतं.

त्याच वाक्यात आणखी एक खड्डा आहे. बॅलेवाले 'आज क्लास झाला का' असं विचारतात, आणि सर्वांत मोठी नर्तकीही रोज सकाळी क्लास करते. मराठीत क्लास लावणं म्हणजे अजून शिकत असणं. तिथे 'रियाज' लिहा. गवई सत्तरीतही पहाटे खर्ज लावतो, तोच भाव.

दिंडीदरवाजा :
मी कथकची. 'गिरकी'बद्दल बोलते. पिरुएतला, म्हणजे बॅलेत एका पायावर घेतलेल्या फेरीला, गिरकी छान आहे, लावणीतही आहे, कानाला हलका लागतो. पण 'चक्कर' लिहू नका. आमची चक्कर टाचेवर फिरते, त्यांची चवड्यावर नाहीतर टोकावर. शिवाय त्यांच्यात फुएते म्हणून एक प्रकार असतो. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चाबकासारखं फटकारलेलं. एका पायावर फिरताना दुसरा पाय दर फेरीला हवेत फटका मारून आत येतो, आणि तो फटकाच पुढची फेरी फिरवतो. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने १८९५ साली पीटर्सबर्गला 'स्वान लेक' या बॅलेत अशा बत्तीस घेतल्या. तेव्हापासून त्यातल्या काळ्या हंसिणीकडून प्रेक्षक बत्तीस मोजूनच घेतात. यासाठी 'फटक्याची गिरकी' म्हणता येईल.

मला खरी तक्रार वेगळ्या शब्दाची आहे. या चित्रपटांवर मराठीत लिहिताना नायिकेला सर्रास 'नृत्यवेडी' म्हणतात. मान्य, 'द रेड शूज'मध्ये ती जीव गमावते, 'ब्लॅक स्वान'मध्ये निनाचं मन फाटतं. पण आपल्याकडे नाद, छंद, ध्यास, वेड, झपाटणं असे वेगवेगळे शब्द आहेत. नाद लागतो, ध्यास घेतला जातो, वेड लागतं, आणि झपाटणारं कोणीतरी बाहेरचं असतं. शिअररच्या भूमिकेला मी 'झपाटलेली' म्हणेन, कारण तिथे जोडेच तिला नाचवतात. निनाला 'वेड' ठीक. आणि २०२० चा सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' हा चित्रपट पाहा. मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह या मुंबईच्या मुलांच्या आयुष्यावर बेतलेला, आणि मनीष त्यात स्वतःच नाचलाय. तो ध्यास आहे. त्या मुलांना वेडं म्हणणं म्हणजे त्यांच्या मेहनतीवर पाणी ओतणं.

ठेवणीतलं :
विंटेजवर मी लिहिते, जुने कपडे जमवते म्हणून. इंग्रजीत मूळ अर्थ द्राक्षांच्या तोडणीचा, अमुक सालची दारू. त्यामुळे विंटेज वस्तू त्या काळातलीच असावी लागते. आज शिवलेला पण पन्नास सालच्या धाटणीचा झगा विंटेज नाही, तो रेट्रो. मराठीत हा फरक सहज होतो : 'जुना झगा' आणि 'जुन्या वळणाचा झगा'. 'विंटेज लूक' लिहायची गरजच पडत नाही.

चपलांच्या दुकानात कधी 'बेली दाखवा' असं ऐकलंय? पुढून गोल, सपाट, बंद पादत्राण. 'बॅले'चंच हे रूप झालं असणार, उच्चारावरून तरी तसंच दिसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चामड्याच्या पादत्राणांवर रेशनिंग आलं, तेव्हा क्लेअर मॅकार्डेल या डिझायनरने केपेझिओ या नाचाचे जोडे करणाऱ्या कंपनीकडून नाचाच्या सपातांना रस्त्यावर चालण्याजोगा तळ लावून घेतला. १९५६ मध्ये पॅरिसला रोझ रेपेट्टोंनी ब्रिजिट बार्दो या फ्रेंच अभिनेत्रीसाठी तसाच जोडा बनवला. बार्दो स्वतः बॅले शिकलेली. आता कॉलेजच्या मुली तोच जोडा घालून लोकल पकडतात. 'बेली' हा शब्द अशुद्ध म्हणून खोडू नका. तो कोणी समितीत बसून घडवलेला नाही, काउंटरवर घडलाय.

सांजवेळ :
परिच्छेद पुन्हा लिहिला. बघा :

'कठड्याशी रियाज संपतो. ती राळेच्या पेटीत जोड्यांची टोकं घासते, पुढे येते आणि बोटांच्या टोकांवर चढते. मांडून ठेवलेले लाल जोडे समोर उभे असतात. ती उडी घेते, आणि उडी संपते तेव्हा ते तिच्या पायांत असतात. पहिल्या गिरकीपर्यंत ती नाचत असते. त्यानंतर जोडे नाचतात.'

घाटमाथा :
शेवटचं वाक्य हलवू नका. फक्त 'चढते'च्या जागी 'उभी राहते' नको, हे माझ्याकडून नक्की. चढणंच असतं ते.

पूर्वरंग :
'राळ' ठेवलीत हे फार छान केलंत. आमच्या कोकणात दशावतारात राक्षस येताना पेटत्या मशालीवर राळेची पूड उडवत आणि भक्कन जाळ होई. पाय सरकू नये म्हणून तिकडे घासतात ती हीच, झाडाचा चीक वाळवून केलेली. लेख छापून आला की अंक कळवा.