सहा वर्षांच्या मुलीसाठी पाण्यात चालणारी जलपरीची शेपटी घ्यायची आहे. कोणती घ्यावी?

रानातली माय

नमस्कार मंडळी. माझी धाकटी यंदा पहिलीत जाईल, नुकतीच सहा पूर्ण झाली. नागपूरला लग्नात कुणाच्या तरी मोबाइलवर तिनं जलपरी झालेल्या मुलींचे व्हिडिओ पाहिले आणि तेव्हापासून माझं डोकं खाल्लं आहे. माझी ओढणी दोन्ही पायांना गुंडाळून छपरीत लोळते. फरशी आपोआप पुसली जाते, तेवढाच फायदा.

आम्ही आर्वी तालुक्यात राहतो, शेतावरच. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटाला उघडणार, म्हणजे अख्खा उन्हाळा हिला काढायचा आहे. ऑनलाइन पाहिलं तर दोन प्रकार दिसतात. एक ९०० रुपयांची, नुसती कापडी, टोकाला फोम भरलेला. दुसरी २,८०० ची, तिच्यात पाय अडकवायचा प्लॅस्टिकचा पंख आहे. दोन्हींच्या फोटोत मुली पाण्यातच आहेत, त्यामुळे काही कळत नाही.

पोहण्याचं म्हणाल तर पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून बाबांसोबत विहिरीत उतरते, हातपाय मारते. मोठ्या जावेची मुलगी नऊ वर्षांची आहे, ती डब्याशिवाय विहीर आडवी पार करते. दोघींना एकेक घ्यावी असा विचार आहे.

विचारायचं असं की कोणती घ्यावी, आणि माप जरा मोठं घेतलं तर दोन उन्हाळे चालेल का? स्विमिंग पूल जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, रोज जाणं होत नाही. सासऱ्यांच्या शेतात शेततळं आहे, पाणी स्वच्छ असतं. तिथं चालेल का?

बगीचेवाला (वरुड)

ताई, शेपटीचं मले काई समजत नाई, पण शेततळ्याचा विचार इथंच सोडा. माह्या संत्र्याच्या बगीच्यात अनुदानातलं तळं हाये. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल. म्हंजे भरलं का दहा फूट पाणी, अन् काठापासूनच उतार सुरू. खाली प्लॅस्टिकचा कागद, त्याच्यावर शेवाळ. मोठ्या माणसाचा पाय टिकत नाई तिथं, अन् हातानं धराले काईच नसते. माणूस काठापासून दोन हातावर असते, तरी वर येता येत नाई.

म्या चारी बाजूनं गाठी मारलेले दोर सोडले हायेत, ट्रकच्या दोन ट्यूबा बांधून ठेवल्या हायेत, तारेचं कुंपण हाये. तरीबी पोट्ट्यायले आत येऊ देत नाई. मोकळ्या पायाचं पोट्टं चढू शकत नाई तिथं पाय बांधलेलं कसं चढन? विहिरीचंबी तेच. तुमचं पाणी स्वच्छ असन, पण पाणी स्वच्छ असल्यानं उतार कमी होत नाई.

पोहणारी मावशी

मी अमरावतीत लहान मुलांना पोहायला शिकवते. उन्हाळी वर्गात एखादी तरी मुलगी पिशवीत शेपटी घेऊन येतेच, आणि तिची आई अगदी तुमचाच प्रश्न विचारते. बगीचेवाल्या भाऊंनी सांगितलं ते सही शिक्क्यानिशी माझंही मत समजा. शेततळं, विहीर, कालवा, धरणाचं पाणी, कुठंच नाही. शेपटी फक्त पूलमध्ये, तेही मुलीच्या कमरेएवढ्या पाण्यात, आणि मोठं माणूस हातभर अंतरावर पाण्यात उभं. काठावरच्या खुर्चीत बसलेलं माणूस मी धरत नाही.

आता धाकटीचं. तिला अजून शेपटीत उतरवायचं नाही. कारण सांगते. लहान मूल पाण्यात घाबरलं की दोनच गोष्टी करतं, पाय झाडतं नाहीतर उभं राहायला बघतं. शेपटीत दोन्ही बंद. पाय वेगळे होत नाहीत, आणि उभं राहायचं तर आधी गुडघे पोटाशी ओढून शेपटी खाली आणावी लागते. हे न शिकलेल्या पोरीची शेपटी मागून वर तरंगते आणि तोंड पाण्यात जातं, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किडसेफ या बालसुरक्षा संस्थेच्या पाहणीत मुलांची पोहण्याची क्षमता नुसता पंख घातल्यावर सरासरी ६० टक्क्यांनी आणि पूर्ण शेपटी घातल्यावर ७० टक्क्यांनी कमी झाली होती. पोहता येणाऱ्या मुलांची ही गत. कॅनडातल्या एडमंटन शहरानं २०१५ मध्ये आपल्या सार्वजनिक स्विमिंग पूलमध्ये या शेपट्यांना बंदीच घातली. तेव्हा विकत घेण्याआधी तुमच्या पूलवाल्याला विचारा, आमच्याकडेही काही ठिकाणी चालू देत नाहीत.

मी मुलीला शेपटी घालू देते ती केव्हा, तर डबा, ट्यूब, दंडातले फुगे काहीही नसताना ती पूलची एक लांबी न थांबता जाते, पाठीवर निवांत तरंगते, पोटावरून पाठीवर आणि परत पोटावर वळते, नाकात पाणी गेलं तर रडत न बसता भिंत गाठते. यानंतर माझी खरी परीक्षा. घोट्यावर घोटा चढवून, पाय अजिबात न सोडवता, फक्त हातांनी भिंतीपर्यंत यायचं. याला एक रुपया लागत नाही. ज्या मुलीला हे जमत नाही तिला कितीही महागाची शेपटी आणा, माझं उत्तर बदलत नाही. पुतणीला हे जमेल असं वाटतं, पण विहीर पार करते म्हणून धरून चालू नका. विहिरीत चार हात मारले की पायरी येते. पूलमध्ये करून बघा.

घेण्याचं बोलू. ९०० वाली पाण्यासाठी नाहीच, फोटोत काहीही दिसू द्या. फोम पाणी पितो, टोक जड होतं आणि पोरीला खाली ओढतं. पाण्यात चालते ती दुसरी. तिच्यातल्या पंखाला मोनोफिन म्हणतात, एकच पाती आणि तिला दोन्ही पावलांसाठी दोन कप्पे. कप्पा मऊ रबराचा किंवा निओप्रीनचा (स्पंजासारखं रबरी कापड) हवा, कडक प्लॅस्टिकनं घोट्याजवळ सालटं निघतं. टाचेमागचा पट्टा वेलक्रोचा, ओढला की सुटणारा. बकल नको, ओलं बकल माझ्या बोटांनीही उघडत नाही. कापड पोहण्याच्या पोशाखाचं असतं तेच, नायलॉन-लायक्रा. कमरेला साधं इलॅस्टिक, नाडी नाही, पाठीमागे चेन नाही, मणी-टिकल्या-जाळी काही नाही.

आणि माप मोठं घेऊ नका. वाढत्या अंगाचा फ्रॉक घेतो तसं हे घेतलं तर कप्प्यात पाऊल फिरतं, पंख वाकडा होतो, घोटा दुखावतो, कापडाच्या झोळीत पाणी भरतं ते वेगळंच. दोन उन्हाळ्यांचा हिशेब इथं विसरा. घरी आली की आधी कोरड्यात, मग पायरीवर बसून ओल्यात, पोरीनं एकटीनं काढून दाखवायची. तुम्ही एक ते पाच म्हणेपर्यंत निघाली नाही तर परत पाठवा.

रंग मात्र तुम्ही निवडा. त्यांना सगळ्यांना निळी नाहीतर हिरवी हवी असते, आणि निळ्या फरशीच्या पूलमध्ये तीच दिसत नाही. भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या. पोरगी दोन दिवस रुसते.

रानातली माय

मावशी, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नसतं. पुतणीला घोट्यावर घोट्याची परीक्षा द्यायला लावते. पण तिला मिळाली आणि हिला नाही तर घरात महाभारत होईल हो. हिचा डबा पाठीला बांधून वर शेपटी घातली तर नाही का चालणार? डबा तर हिला बरोबर वर धरतो. हे हिच्या बाबांनी विचारायला सांगितलं.

पोहणारी मावशी

बाबांना सांगा, डबा पाठ वर धरतो, तोंड नाही. डबा पाठीला असला की अंग पालथं होतं. आता ती पाय मारून आणि मान उचलून तोंड वर ठेवते, म्हणून तुम्हाला डबा बरोबर वाटतो. पाय बांधले की मारणार काय? दंडातल्या फुग्यांचंही काही खरं नाही, ओल्या हातावरून सरकतात. डबा आणि शेपटी एकत्र म्हणजे माझ्या दृष्टीनं सगळ्यात वाईट जोडी.

धाकटीला या उन्हाळ्यात लाट मारायला शिकवा. पाय जुळवून छातीपासून सुरू झालेली लाट कमरेतून पावलांपर्यंत न्यायची. मुलं नुसते गुडघे वाकवतात, त्यानं जागच्या जागी पाणी उडतं. हात पुढे लांब, हनुवटी खाली, आणि पोट ढकलायचं. जलपरीचं सगळं पोहणं याच्यातच आहे, आणि हे मोकळ्या पायांनी होतं, अडलं की पाय सोडवून उभं राहता येतं. तिला सांगा की जलपऱ्यांच्या शाळेत पहिलीत शेपटी देत नाहीत.

शिलाईवाली (दारव्हा)

धाकटीची शेपटी मी सांगते. कोरड्यातली, पण पाणी उडवायला चालेल अशी. चारही बाजूंनी ताणणारी लायक्रा घ्या, नाचाच्या ड्रेसला वापरतात ती, जिल्ह्याच्या कापड बाजारात मिळते. खवल्यांची छापील मिळाली तर उत्तम. घट्ट स्कर्ट शिवायचा, पण मागून गुडघ्याच्या वरपासून खालपर्यंत उघडा. शेपटाचा पंख पुढच्या बाजूला, पावलांवर पडेल असा. समोरून बघणाऱ्याला पूर्ण जलपरी दिसते आणि पोरगी मागून मोकळ्या पायानं धावते. पंखात फोम घालू नका, त्याच कापडाचे दोन थर घालून कडेला मासेमारीची जाड तंगूस गुंफा, लाटेसारखी कड येते.

मशीनला बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची सुई लावा नाहीतर टाके सुटत जातात, आणि टाका झिगझॅग. साध्या टाक्यानं शिवलं तर पोरगी बसली की तटकन उसवतं. शिवताना कापड ओढू नका, आपोआप सरकू द्या. अंगणात नळीचं पाणी मारून घ्या, पोट्टी खूश. पूलमध्ये आणि पाण्याच्या टाक्यात मात्र काढूनच.

चष्मेबद्दूर

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. नदीत पोहलो, मोठे झालो. ही मोबाइलची थेरं.

उपकेंद्रवाली सिस्टर

तुमच्या वेळी नदीतून सगळेच परत आले नाहीत काका, उन्हाळ्यात आणि पोळ्याच्या सुमारास आम्हाला ते दिसतं.

विषय निघाला आहे तर एवढं लिहिते. मूल पाण्यातून बेशुद्ध काढलं तर अजूनही गावात त्याला पाय धरून उलटं टांगतात, गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढत बसतात. ते करू नका. त्यात जी मिनिटं जातात तीच महत्त्वाची असतात, आणि पोटातलं वर आलेलं पाणी श्वासनळीत उतरतं. मूल पाठीवर सपाट ठेवा. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडानं श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दाब, मग पुन्हा श्वास, मदत येईपर्यंत थांबू नका. बुडालेल्याला श्वास देणं सोडू नका, नुसते दाब पुरत नाहीत. दुसऱ्या माणसानं त्याच वेळी १०८ ला फोन लावावा. मूल शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच. एकदा कुणाकडून तरी हातानं करून शिकून घ्या, वाचून येत नाही.

रानातली माय

सिस्टर, हे मी घरच्या ग्रुपवर टाकलं.

पुतणी काल पूलमध्ये नेली. लांबी गेली, पाठीवर तरंगली, पण घोटे अडकवून मध्यावर थांबली आणि पाय सोडवले. म्हणजे अजून नाही, बरोबर ना? तिची आई म्हणते तेवढ्यानं काय होतं, मागवून ठेवू. धाकटीसाठी शिलाईवाल्या ताईंनी सांगितली तशी शिवायला टाकली आहे.

पोहणारी मावशी

बरोबर, अजून नाही. हात कमी पडताहेत. पायांत पोहण्याची तरंगती पाटी धरून नुसते हात मारायला लावा, पंधरवड्यात फरक दिसेल. मागवून ठेवू नका. घरात आलेली शेपटी कपाटात राहत नाही, आणि पाऊलही तोवर वाढतं. जमलं की त्या आठवड्यात मागवा. पाऊल संध्याकाळी मोजा, भिंतीला टाच लावून, कागदावर, सेंटिमीटरमध्ये, दोन्ही पावलं, आणि मोठं असेल ते धरा. कंबर, नितंब आणि कमरेपासून जमिनीपर्यंतची उंचीही लिहून ठेवा, कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघायला लागते. नुसतं वय बघून घेऊ नका.

आली की घालायची पूलच्या काठावर बसून, काढायचीही तिथंच. ओल्या फरशीवर उड्या मारत चालू द्यायचं नाही, सूर मारायचा नाही, एका वेळी पाण्यात एकच शेपटी. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर, पोटऱ्यांत गोळे येतात. घरी साध्या पाण्यातून काढा, क्लोरीननं लायक्रा सैल पडते, पिळू नका आणि उन्हात तर अजिबात टाकू नका. आपल्या मे महिन्याच्या उन्हात रंगही जातो आणि इलॅस्टिकही.