दुसऱ्याच्या पासवर्डने प्रयोगशाळा वापरली, तर थेट फौजदारी?

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी
माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर, प्राध्यापकांचा पासवर्ड वापरून, स्वतःच्या प्रकल्पाची आकडेमोड रात्रभर चालवली. त्याने माहिती उचलली नाही की काही पुसले नाही. तरीही संस्था पोलिसांत जाण्याच्या विचारात आहे आणि मला हे अन्यायाचे वाटते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार विनापरवानगी वापराबद्दल नुकसानभरपाई मागता येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल, तरच कलम ६६ लागते आणि ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा फरक कायद्याने जाणूनबुजून ठेवला आहे.

वकील, कसबा बावडा
बाई, फरक आहेच. पण कायद्यात ‘अप्रामाणिक’ म्हणजे केवळ चोरी नव्हे, तर एकाचा गैरलाभ किंवा दुसऱ्याची गैरहानी करण्याचा हेतू. शिवाय दुसऱ्याचा पासवर्ड अशा हेतूने वापरण्यासाठी ६६ सी हे स्वतंत्र कलम आहे. त्या रात्री त्याच खात्यातून कोणी गुण बदलले असते, तर संशय प्रथम प्राध्यापकांवर आला असता. तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील अधिकारीच करतो आणि गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणून तक्रारीला इतके भिण्याचे कारण नाही.

निवृत्त शिक्षिका
जामीन मिळाला म्हणून खटला संपत नाही, वकीलसाहेब. गुन्हा रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयात जावे लागते; १८ ऑगस्ट २०२५ पासून त्या न्यायालयाचे सर्किट बेंच इथेच कोल्हापुरात असल्याने मुंबईची खेप वाचेल, पण विशीतल्या मुलाची वर्षे वाचणार नाहीत. अमेरिकेत, जॉर्जियातील एका तंत्रमहाविद्यालयाच्या संगणक व्यवस्थापकाने तेथील यंत्रांवर सामूहिक आकडेमोडीचा (एकच गणित अनेक संगणकांत वाटून करणारा) प्रोग्राम बसवला, तेव्हा त्याच्यावर गंभीर आरोप ठेवले गेले आणि २००२ मध्ये प्रकरण परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवणे) व भरपाईवर मिटले. एवढ्यासाठी फौजदारीची गरजच काय होती?

प्रयोगशाळा साहाय्यक, शाहूपुरी
मला वेगळेच विचारायचे आहे. तो पासवर्ड मुलाने मिळवला कसा? अनेक ठिकाणी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो आणि वापराचे लेखी नियम कोणी दिलेले नसतात.

निवृत्त शिक्षिका
प्रात्यक्षिकाच्या तासाला प्राध्यापकांनीच साऱ्या वर्गाला सांगितला होता.

वकील
मग ६६ सी टिकणे अवघड आहे, हे मी मान्य करतो. मात्र तासापुरती दिलेली परवानगी रात्रभराची होत नाही, त्यामुळे कलम ४३ खालची भरपाई त्याला टाळता येणार नाही.