वाड्याच्या सागवानी तुळईवर रेझिनची गोदावरी ओतली, पाच दिवस झाले तरी चिकट. काय करू?

गंगाकाठची_सून

नमस्कार मंडळी. मी नाशिकला पंचवटीत राहते. आमचा जुना वाडा दोन वर्षांपूर्वी उतरवला. माजघरातली एक सागवानी तुळई मात्र मी हट्टाने ठेवून घेतली. तिच्या कड्यांना पाळणा टांगून सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला आणि नणंदेला जोजवलं होतं. ती भंगारात जाणं मला बघवलं नसतं.

आता डिसेंबरात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. आजोळच्या घराचा तुकडा तिच्या स्वयंपाकघरात असावा म्हणून वखारीतून तुळईचे चार बोर्ड कापून आणले. प्रत्येक १६ इंच बाय ९ इंच, जाडी सव्वा इंच. मधोमध खाच पाडून घेतली आणि त्यात इपॉक्सी रेझिनची (हार्डनर मिसळलं की घट्ट होणारं पातळ रसायन) नदी ओतली. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. पण सगळे दाखवतात तशी निळीशार गंगा मला करायची नव्हती. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागणारं पाणी चहाच्या रंगाचं असतं. तोच रंग हवा होता, काठाला थोडी हिरवट झाक.

रंग मनासारखा उतरला, बाकी सगळं बिघडलं. बाटलीवर २:१ लिहिलं होतं, म्हणून किचनच्या वजनकाट्यावर २०० ग्रॅम रेझिन आणि १०० ग्रॅम हार्डनर मोजून घेतलं. बाहेर तीन दिवस झड लागली होती, वास जावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या. आज पाचवा दिवस. नख रुतते, वर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते, आणि लाकडाच्या कडेने बुडबुड्यांची रांग आहे. माझ्या मनगटांना खाजही सुटली आहे.

वरून अजून एक थर ओतला तर बरं होईल का? आणि पोरीला यावर भाजी चिरता येईल ना?

अंबडचा_रंधा

ताई, वरून थर अजिबात ओतू नका. खालचं कच्चं राहिलेलं रेझिन वरच्या थराने पक्कं होत नाही. कडक झाकणाखाली मऊ गाळ राहील.

बाटली पुन्हा वाचा. २:१ हे मापाने आहे की वजनाने? बहुतेक बाटल्यांवर मापाने असतं. रेझिन हार्डनरपेक्षा जड. २०० ग्रॅम रेझिन म्हणजे साधारण १८० मिलि, त्याला हार्डनर लागतं ९० मिलि. तुमचं १०० ग्रॅम हार्डनर १०० मिलिच्या आसपास भरलं. जास्त हार्डनर घातलं की लवकर वाळतं असा समज आहे, पण उरलेल्या हार्डनरला जोडी मिळत नाही आणि माल कायमचा मऊ राहतो. खुणा असलेला कप घ्या. चार मिनिटं ढवळा, मग दुसऱ्या कोरड्या कपात ओतून पुन्हा ढवळा, कारण पहिल्या कपाच्या कडेला चिकटलेलं नीट मिसळत नाही.

बुडबुडे लाकडातले आहेत. सागाच्या छिद्रांतली हवा वर येते. आधी ब्रशने रेझिनचा पातळ हात मारायचा, तो चिकट-कोरडा झाला की मग ओतायचं. शिवाय साग तेलकट, म्हणून त्या हाताच्या आधी कापडावर अॅसिटोन घेऊन पुसून घ्या. खाचेची खोली सेंटिमीटरभर असेल तर साधं कोटिंगचं रेझिन एकदम ओतू नका, ३-३ मिलिमीटरचे थर द्या. एकदम ओतलं की आतून तापतं, पिवळं पडतं.

कॉलेजरोड_रेझिनप्रेमी

माझ्याकडच्या रेझिनवर फूड सेफ लिहिलंय. पूर्ण वाळल्यावर चिरायला काय हरकत आहे? मी तर रोज टोमॅटो चिरते.

देवळालीचे_सर

पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

फूड सेफ म्हणजे पूर्ण पक्कं झालेल्या थराला अन्न लागलं तर चालतं. अमेरिकेतले उत्पादक यासाठी २१ सीएफआर १७५.३०० या नियमाचा हवाला देतात, आणि तो नियम थरांबद्दलच आहे. सुरीने तो थर रोज खरवडावा असं त्यात कुठेच नाही. सुरीच्या चरांतून रेझिनचे कण भाजीत जातात आणि चरांत ओल साचते. कॉलेजरोडच्या ताई, टोमॅटो लाकडाच्या बाजूवर चिरा, ही माझी कळकळीची विनंती. बऱ्याच आर्ट रेझिनना ६० अंशांच्या आसपास मऊपणा येऊ लागतो, तेव्हा गरम कढईही त्यावर टेकवायची नाही.

सुनबाई, पांढरी साय ही दमट हवेची करणी. हार्डनरमधली अमाइनं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी आणि बाष्पाशी जोडली जाऊन मेणचट थर बसतो. तो कोमट साबणाच्या पाण्याने निघतो. घासण्याआधी धुवा, नाहीतर पॉलिश पेपरने तो आत चोळला जाईल.

खाज मात्र हलक्यात घेऊ नका. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की पुढे थेंबभरानेही उठते. नायट्राइलचे हातमोजे वापरा, हाताला लागलं तर साबण-पाण्याने धुवा. अॅसिटोनने हात कधीच पुसू नका, त्याने रसायन कातडीत आणखी मुरतं. खाज थांबेपर्यंत रेझिनला हात लावू नका. थांबली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

अंबडचा_रंधा

सरांचं खरं आहे. अजून एक, वाड्यांच्या तुळयांना वाळवीसाठी पूर्वी डांबर, काळं ऑइल, काय काय लावलेलं असे. चारही अंगांनी रंधा मारून आतलं पिवळं-तपकिरी लाकूड दिसलं का? एवढ्या जुन्या लाकडाचा बोर्ड मी चिरायला देणार नाही. फळं, चीज, फराळ मांडायला द्या.

गंगाकाठची_सून

दसरा झाला, म्हणून कळवते. तुम्ही दोघांनी मला वाचवलंत.

बाटलीवर खरंच बारीक अक्षरात 'मापाने' लिहिलं होतं. चारही नद्या पटाशीने खरवडल्या. एक बोर्ड खाचेपाशी तडकला, तीन उरले. श्रावण-भाद्रपदात कशालाच हात लावला नाही. खाज जायला तीन आठवडे लागले. नवरात्रात हवा कोरडी झाल्यावर बंद खोलीत, अंबडच्या दादांच्या पद्धतीने तीन-तीन मिलिमीटरचे थर दिले, हातमोजे घालून आणि रसायनाच्या वाफा अडवणारा मास्क लावून. ७२ तासांनी नख रुतलं नाही.

चिरायचा हट्ट मी सोडला. हे बोर्ड मांडायचेच आहेत. चिरायला पोरीला बाभळीचा साधा पाट वेगळा करून घेतला, त्याला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन तीनदा पाजलं. पाळण्याच्या कडीचं भोक ज्या तुकड्यात आलं आहे, तो बोर्ड तिचा. त्या भोकात मी रेझिन भरलेलं नाही. तिथूनच बोर्ड खिळ्याला अडकवता येईल.